पोट चालते गळ्यावर

२०२४ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. माझी मुलगी बारावी पास झाली आणि कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसली. नाव, पत्ता, जन्मतारीख, उत्पन्न असे एकेक रकाने भरून झाले आणि एके ठिकाणी ती थबकली.

“बाबा, वडिलांचा व्यवसाय काय लिहू?”

मी दाढी करीत होतो. आरशातल्या माझ्याकडे पाहिले. “स्टोअरकीपर लिही,” असे अगदी ओठांवर आले होते. पण ती नोकरी सुटून पाच वर्षे झाली होती. “लिही की, आवाज,” मी म्हणालो.

“आवाज हा काय व्यवसाय झाला?” स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला. तिच्या आवाजाचे मात्र तिला कुणी पैसे देत नाही, ही गोष्ट वेगळी!

त्या रकान्यात शेवटी काय भरले गेले, ते शेवटी सांगेन. पण वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, शहापूरसारख्या तालुक्याच्या गावी राहून, एका सामान्य माणसाने गळ्यावर पोट भरायचे ठरविले तर काय काय होते, हे आधी सांगतो. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा चाळिशी उलटलेला माणूस असेल, की ज्याची नोकरी गेली आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे, आणि ज्याला लग्नामुंजीत सगळे म्हणतात, “तुमचा आवाज काय छान आहे हो!” त्याच्यासाठी हा लेख आहे.

कुलूप

माझे मूळ गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या जवळ. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे टोकावडे लागते. मुरबाडला अजून आगगाडी पोचलेली नाही. त्यामुळे आमचे सारे आयुष्य एस. टी.च्या वेळापत्रकावर बांधलेले. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात १९९८ साली मी स्टोअरमध्ये लागलो. पुढे सौ.ला शहापूर तालुक्यात अंगणवाडी सेविकेचे काम मिळाले, म्हणून बिऱ्हाड शहापूरला केले. रोज सकाळी किन्हवली, सरळगाव असा एस. टी.चा प्रवास करून मी मुरबाड गाठायचा. नट, बोल्ट, वॉशर, ग्रीसचे डबे यांचा हिशेब ठेवण्यात एकवीस वर्षे गेली.

२०१९ च्या मार्चमध्ये कारखान्याच्या दाराला कुलूप लागले. कुणी भांडण केले नाही, संप झाला नाही. मालकाने हिशेब चुकता केला, हात जोडले आणि सांगितले, “माझ्याच्याने आता रेटत नाही.” आम्ही सव्वीस माणसे फाटकाबाहेर उभी राहिलो. त्यातले तरुण होते ते चाकण, भिवंडीकडे पांगले. साठीच्या जवळचे होते त्यांनी शेती गाठली. मधल्यांचे काय करायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मी मधला होतो.

आता आवाजाचे म्हणाल तर त्याची गोष्ट अशी. आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. आईला अक्षरओळख नाही. वडील लवकर गेले. तेव्हा सातवीत असल्यापासून पोथी वाचायचे काम माझ्याकडे. समोर पंधरा-वीस बायामाणसे, बहुतेक निरक्षर. वाचताना चुकले तर त्यांना अक्षर दिसत नसे, पण अर्थ अडला की लगेच कळे. “थांब रे, परत वाच,” असे कुणीतरी म्हणे. ऐकणाऱ्याला पुस्तक दिसत नाही, त्याला फक्त आपण दिसतो, हा धडा मी तिथे शिकलो. पण तो धडा आहे हे मला तीस वर्षांनी कळले.

पुढे गावच्या गणपतीत निवेदन, म्हशाच्या यात्रेत हरवलेल्या मुलांच्या घोषणा, अशी फुकटची कामे आपोआप माझ्याकडे आली. पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची यात्रा म्हणजे गुरांचा मोठा बाजार. त्या कोलाहलात घोंगड्या, घुंगुरमाळा, बैलांचे हंबरणे यांच्यावरून आवाज न्यायचा आणि तरीही रडणाऱ्या मुलाची आई घाबरणार नाही अशा सुरात “लाल स्वेटर घातलेला मुलगा मंडपाजवळ सुखरूप आहे” हे सांगायचे, ही सोपी गोष्ट नव्हे. दर दोन जानेवारीला सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना देण्यासाठी लोक जमतात. १९४३ साली त्याच दिवशी पहाटे ते दोघे तिथे इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. तिथेही दोनदा मला दोन शब्द वाचायला उभे केले होते. एवढीच माझी पुंजी.

आवाजाचे घराणे

कुलूप लागल्यावर महिनाभर मी घरात बसून होतो. एके दिवशी सौ.च म्हणाली, “अहो, टीव्हीवर जाहिरातीत माणूस दिसत नाही, नुसता बोलतो. त्याला पैसे देत असतील ना कुणीतरी?”

देतात. आणि आजचे नव्हे, फार दिवसांपासून देत आले आहेत. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. तिचे माहितीपट सिनेमाच्या आधी देशभर दाखवीत आणि निरनिराळ्या भाषांत त्यांचे निवेदन होई. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती आली आणि १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. तेव्हापासून आवाज हा बाजारात मांडण्याचा माल झाला.

आमच्या आधीच्या पिढीला ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरच्या माणसांसारखे होते. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे चेहरे रस्त्यात कुणी ओळखले नसते; पण तोंड उघडताच सारी चाळ गोळा झाली असती! कुडतरकर २०२० साली गेले, तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांचे होते. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू करणारे अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. आणि १९८८ साली ‘महाभारत’ लागायचे तेव्हा पडद्यावर माणूस नसून ‘समय’ बोलायचा. तो आवाज हरीश भिमानी यांचा. त्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो. सरपंचांच्या घरी, ओटीपासून अंगणापर्यंत बसलेली माणसे तो आवाज आला की गप्प होत. एका न दिसणाऱ्या माणसाने एवढ्या लोकांना गप्प करावे, याचे मला फार नवल वाटले होते.

तर असे हे घराणे. आणि त्यात शिरू पाहणारा मी, नट-बोल्टचा कारकून.

पहिली ठेच

कुणी म्हणाले, शिक्षण घेतल्याशिवाय दार उघडत नाही. मुंबईच्या एका संस्थेची जाहिरात होती: ‘तीन शनिवार-रविवार शिका, महिना पन्नास हजार मिळवा.’ फी तीस हजार. कारखान्याच्या हिशेबातून आलेले पैसे होते. मी भरले.

आसनगावहून पहाटेची लोकल धरून सहा दिवस गेलो. शिकविणारा तरुण माझ्या मुलीहून दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. त्याने सांगितलेले सगळेच खोटे होते असे मी म्हणणार नाही. श्वास कसा घ्यावा, माईकपासून एक वीत अंतर कसे ठेवावे, ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना हवेचा फटका बसू नये म्हणून तोंड किंचित तिरके कसे करावे, हे तिथे कळले. पण शेवटी एक प्रमाणपत्र, माझ्या आवाजाचा दीड मिनिटाचा नमुना आणि “काम आले की कळवू” असे आश्वासन मिळाले. काम कधी आले नाही. माझ्याबरोबर बावीस जण होते. त्यांनाही आले नाही. वाचकहो, यात जे शिकलो ते चांगला मोबाइल, एक रिकामी खोली आणि रोज अर्धा तास मोठ्याने वाचन एवढ्यावर फुकट शिकता आले असते. जो काम देण्याची हमी देऊन फी मागतो, त्याच्यापासून दूर राहा. कामाची हमी कुणीच देऊ शकत नाही.

त्यानंतर नमुना घेऊन मी अंधेरीच्या स्टुडिओंचे उंबरे झिजविले. शहापूरहून आसनगाव स्टेशन रिक्षाने, तिथून कसारा लोकल, दादरला गाडी बदलून अंधेरी. एका बाजूला तीन तास. आणि परीक्षा किती वेळाची? चार मिनिटांची! एका ठिकाणी काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने मला थांबविले.

“काका, ‘पानी’ नाही. ‘पाणी’.”

“पानी,” मी म्हणालो.

“पाणी.”

“पाणी,” मी म्हणालो खरा, पण पुढच्याच वाक्यात ‘काळजी’ची ‘कालजी’ झाली. आमच्या मुरबाड-शहापूरकडे ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. एकवीस वर्षे त्याने काही अडले नव्हते. रेकॉर्डिस्ट सभ्य होता, “बघू” म्हणाला. परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून मी मनात म्हणत होतो, तानसेचे धरण १८९२ सालचे. त्यानंतर वैतरणा झाली, भातसा झाली. आमच्या तालुक्याचे पाणी पिऊन मुंबई मोठी झाली आणि आमच्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. यांना आमचे पाणी चालते, आमचे ‘पानी’ चालत नाही!

राग ओसरल्यावर मात्र कळले की चूक त्याची नव्हती. प्रमाण भाषा हे या धंद्यातले वजन-माप आहे. शेर-पायली आमची वेगळी म्हणून वाणी काही माप बदलत नाही. मी ‘ण’ आणि ‘ळ’ गिरवायला बसलो. बाळ, काळ, गाळ, पाणी, लोणी, आणि. मुलगी समोर बसून टाचणीने वहीवर चुका टोचायची.

या काळात एका गोष्टीने मला सावरले. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था अंधांसाठी बोलकी पुस्तके तयार करते. वरळीला तिचे काम चालते आणि डोळस माणसे तिथे सेवा म्हणून वाचून देतात. मी महिन्यातून दोन शनिवार जाऊ लागलो. पैसे नव्हते, पण तासन् तास वाचण्याचा सराव मिळाला. अंध विद्यार्थ्यासाठी इतिहासाचे पुस्तक वाचताना नाटकीपणा कामाचा नाही, घाई कामाची नाही, आणि एक ओळ गाळली तर त्याचे मार्क जातात! पोथीचाच धडा पुन्हा. ज्यांना या धंद्यात यायचे आहे त्यांनी आधी असे फुकट वाचावे. दुसऱ्याच्या उपयोगी पडते आणि आपली लायकीही कळते.

गोधड्यांचा स्टुडिओ

२०२० च्या फेब्रुवारीत सौ.ची भिशी लागली. चोवीस हजार रुपये. ते मुलीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले. रात्री जेवणे झाल्यावर तिने ते पैसे माझ्यापुढे ठेवले. “यातले निम्मे घ्या नि तो माईक का काय तो आणा. मात्र वर्षभरात यातून काही निघालं नाही तर किराणा दुकानात हिशेब लिहायला बसायचं. कबूल?”

मी कबूल झालो. बारा हजारांत माईक, त्याला वीज पुरविणारा आणि संगणकाला जोडणारा डबा, एक जुना लॅपटॉप दुरुस्त करून. आणि ‘प’चा फटका अडविणारी जाळी मात्र घरीच, भरतकामाच्या रिंगवर जुना मोजा ताणून केली.

आवाजाचा खरा शत्रू म्हणजे उघड्या भिंती. त्यांवरून आवाज परत येतो आणि खोली डब्यासारखी बोलते. मोठ्या स्टुडिओत भिंतींना महागडे फोम लावतात. आमच्याकडे आईने शिवलेल्या सात गोधड्या होत्या. लोखंडी खाट उभी केली, तिच्यावर तीन टाकल्या, कपाटाची दारे उघडून त्यांवर दोन, खाली एक, आणि एक डोक्यावरून. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर म्हणजे आवाज शोषून घेण्यात फोमच्या तोडीस तोड! फक्त आत उकडते. वैशाखात दहा मिनिटे बोलून बाहेर आलो की सौ. टॉवेल घेऊन उभी असायची, मुष्टियोद्ध्याच्या पंतोजीसारखी.

बाकी आवाजांचे काय सांगू? मुंबई-नाशिक महामार्गावरचे भोंगे, शेजारचा मिक्सर, पहाटे साडेचारची कोकिळा, पावसात बेडूक, आणि ऐन वाक्यात जाणारी वीज. पंखा बंद, फ्रिज बंद. कुकरची शिट्टी तर साडेसातच्या आत झालीच पाहिजे. “तुमच्यापायी घरात फोडणीसुद्धा चोरून द्यावी लागते,” असे सौ. म्हणते, आणि ते खरे आहे. शेवटी रात्री एक ते चार हीच माझी कचेरीची वेळ ठरली.

पुन्हा ‘पानी’

माईक आला आणि महिन्याभरात, २५ मार्च २०२० ला, देशभर टाळेबंदी झाली. मुंबईचे स्टुडिओ बंद पडले. महामार्गावरून नाशिककडे पायी निघालेली माणसे आम्ही पाहिली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे. त्या दिवसांत गळ्याचा विचार करण्याचीही लाज वाटे.

अंगणवाडी सेविकांना मात्र पाड्या-पाड्यांवर फिरावे लागे. रिक्षावर भोंगा लावून एक ध्वनिमुद्रित सूचना फिरत होती. शुद्ध, छापील मराठी: संसर्गाचा प्रादुर्भाव, प्रतिबंधात्मक उपाययोजना, सामाजिक अंतर. एक दिवस सौ. घरी आली ती वैतागून. “त्या म्हाताऱ्या विचारतात, ‘बाय काय सांगते गं? कुनाचं अंतर?’ तुम्हीच काहीतरी बोला की त्यांच्या भाषेत.”

त्या रात्री गोधडीखाली बसून मी दोन मिनिटांचे बोललो. कागद नव्हता. समोर आई बसली आहे असे समजून बोललो. हात कसे धुवायचे, खोकला आला तर काय करायचे, पोरांना कुठे पाठवायचे नाही. ‘पानी’ म्हटले, ‘कालजी घ्या’ म्हटले. वर्षभर गिरविलेले सारे ‘ण’ आणि ‘ळ’ बाजूला ठेवले.

ते रिक्षावरून वाजले. किन्हवलीकडच्या पाड्यांवर बायका दारात येऊन ऐकू लागल्या, असे सौ.ने सांगितले. कुणीतरी ते मोबाइलवरून पुढे धाडले आणि पंधरा दिवसांनी आरोग्याचे काम करणाऱ्या एका मंडळाकडून फोन आला. कुपोषण, क्षयरोग, गरोदर बायांचा आहार, अशा बारा सूचना याच बोलीत हव्या होत्या. एकेका सूचनेचे आठशे रुपये. तीच माझी पहिली कमाई. नऊ हजार सहाशे! त्या पैशांतून मुलीच्या क्लासच्या फीचा खड्डा बराचसा भरून काढला.

टाळेबंदीने आणखी एक गोष्ट केली. सगळेच कलाकार घरून रेकॉर्डिंग करून पाठवू लागले, त्यामुळे अंधेरीचा माणूस आणि शहापूरचा माणूस एका रांगेत आले. खतांच्या एका जाहिरातीसाठी ‘गावाकडचा पन्नाशीचा शेतकरी’ हवा होता. मी दोन नमुने पाठविले, एक छापील आणि एक मुरबाडी. मुरबाडी घेतला. मात्र एक सांगतो: छापील येत असल्यामुळेच मुरबाडी विकता आला. ज्याला दोन्ही येतात त्याच्याकडे बोली हा गुण ठरतो. नाहीतर तो दोषच राहतो.

त्यानंतर ग्रामपंचायतीच्या निवडणुकांनी हात दिला. एकाच दिवशी सकाळी ‘कपबशी’चा प्रचार आणि संध्याकाळी ‘शिलाई मशीन’चा! दोघेही उमेदवार एकाच आळीतले. मी आवाज बदलून दोन्ही केले. पण आमच्या शेजारच्या आजींनी ओळखलेच. “काय रे, मत नक्की कुनाला द्यायचं?”

मिळकत आणि मेहनत

आता थोडे हिशेबाचे. स्टोअरकीपरची खोड जात नाही. तीस सेकंदांच्या जाहिरातीत मराठीचे साठ-सत्तर शब्द मावतात. ते बोलायला अर्धा मिनिट, पण मनासारखे व्हायला पंधरा-वीस वेळा बोलावे लागते. बोलत्या पुस्तकाचा एक तास तयार व्हायला माझे तीन तास जातात. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आली, तिने मराठी पुस्तकेही घेतली, आणि ऐकण्याची सवय आपल्याकडे वाढली. डबिंगला अजून मुंबईलाच जावे लागते. पडद्यावरच्या ओठांना आपले शब्द जुळवायचे, जुळले नाही तर तेवढाच तुकडा पुन्हा बोलायचा. मी गर्दीतला आवाज झालो आहे, पोलीस झालो आहे, एकदा मरणारा पुजारी झालो आहे. तो मला चांगला जमला.

बोलण्याच्या आधी दही-दूध नको, आंबट सफरचंदाची फोड चघळली की जिभेचा चिकटपणा जातो, आणि पाणी भरपूर. तंबाखूची सवय असेल तर ती आधी सोडावी. मी सोडली, सौ. म्हणते, या धंद्याची तेवढीच खरी कमाई.

आजही दुपारी मी एका किराणा-भुसार दुकानात हिशेब लिहितो. सौ.ची अट मी अशी अर्धी पाळली आहे. काही महिने गळ्यातून बारा-पंधरा हजार येतात, काही महिने दोन हजार. नोकरी सोडून यात उडी घ्या, असे मी कुणालाही सांगणार नाही. नोकरी गेली म्हणून मी आलो.

पेटीतला माणूस

मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव २०१६ च्या डिसेंबरात रोकडरहित म्हणून गाजले होते. आता तर शहापूरच्या भाजीवालीकडेही छोटी पेटी असते. पैसे पोचले की ती बोलते. तो आवाज यंत्राने जुळविलेला. पूर्वी एखादे वाक्य माणूस बोलत असे. आता माणसाचा आवाज एकदा यंत्राला शिकविला की यंत्र हवे ते बोलते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मला एका कंपनीचा निरोप आला. वीस तास वाचायचे आणि पंचेचाळीस हजार रुपये घ्यायचे. मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. एवढी रक्कम एकदम मला या धंद्यात कधीच मिळालेली नव्हती. मी होय म्हणायच्या बेतात होतो.

करार इंग्रजीत, अकरा पानांचा. मुलीने दोन रात्री बसून वाचला. “बाबा, यात लिहिलंय की तुमचा आवाज कायमचा त्यांचा. सगळ्या जगात, आज आहेत त्या आणि पुढं निघतील त्या सगळ्या माध्यमांत. ते यंत्र तुमच्या आवाजात काहीही बोलेल. पुन्हा पैसे नाहीत.”

“माझ्या कितीतरी महिन्यांच्या मानधनाएवढे पैसे आहेत,” सौ. म्हणाली. ती लोभी नाही. पाच वर्षे घर तिने ओढले होते. “यांनी नाही दिला तर दुसरा कुणी देईल. यंत्र थांबणार आहे का?”

खरे होते ते. त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने आदेश दिला होता, की त्यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल परवानगीशिवाय वापरता येणार नाही. आवाज कलाकारांची संघटनाही याविषयी बोलत होती. पण न्यायालयाने अडविली ती चोरी. आपणच सही करून दिले तर न्यायालय तरी काय करणार?

मी चार दिवस झोपलो नाही. पाचव्या दिवशी कंपनीला पत्र लिहिले: दोन वर्षांपुरते, आणि ठरलेल्या कामापुरतेच देतो. उत्तर आले नाही. मुलीच्या फीसाठी पतपेढीचे कर्ज काढले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

आणि पुढचेही सांगितले पाहिजे. सहा महिन्यांनी, ज्या मंडळाच्या सूचना मी चार वर्षे बोलत होतो, त्यांनी त्या यंत्राकडून करून घेतल्या. त्यांचा दोष नाही, पैसे वाचले. मी ऐकल्या. आवाज गोड होता. पण मराठीत ‘जग’ हा शब्द लिहायला एक आणि बोलायला दोन. सारे जग म्हणताना ‘ज’ वेगळा आणि सुखाने जग म्हणताना वेगळा. ‘च’ आणि ‘झ’चेही तेच. अक्षरात हा भेद दिसत नाही, तो आईच्या तोंडून कळतो. यंत्र तिथे दोनदा अडखळले. आज अडखळले, उद्या शिकेल. मी काही त्याच्या चुकीवर संसार मांडून बसलेलो नाही.

मग मी चुकलो का? सौ.ला अजून वाटते, चुकलो. मुलीला वाटते, नाही. मला सकाळी एक वाटते, रात्री गोधडीखाली दुसरे.

पोथी

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. टोकावड्याच्या घरी भावाजवळ असते. काचबिंदूने डोळे गेले. गेल्या श्रावणात मला रोज जाणे जमेना, म्हणून सारी पोथी वाचून एका छोट्या पेटीत भरून दिली. बटन दाबले की मी सुरू.

आठ दिवसांनी गेलो. म्हटले, “आये, ऐकतेस ना?”

“ऐकते. पर तिसऱ्या दिवशी तू एक पान गाळलंस.”

मी लॅपटॉप उघडून पाहिले. खरेच. दोन तुकडे जोडताना एक पान निसटले होते. सबंध धंद्यात एवढा बारीक कान मला कुणाचा आढळला नाही. तिथेच ओसरीवर बसून, भावाच्या म्हशीच्या हंबरण्यासकट, मी ते पान तिला वाचून दाखविले. रेकॉर्ड केले नाही.

आता त्या रकान्याचे. अर्ज संगणकावरचा होता. त्यात स्वतःहून काही लिहायची सोयच नव्हती. ठरलेल्या यादीतून निवडायचे होते: शेती, सरकारी नोकरी, खाजगी नोकरी, व्यापार, मजुरी, सेवानिवृत्त. मुलीने यादी खालीपर्यंत नेली. अगदी शेवटी एक शब्द होता. तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलविली आणि तिने तो निवडला: ‘इतर’.